वजाबाकीतून उरलेलं संत्रं

भारतात लिंबूवर्गीय फळांचं उत्पादन गेल्या काही वर्षांत १.४ कोटी टनांच्या आसपास आहे. लोकसंख्या १४० कोटी धरली तर भागाकार तोंडी होतो: माणशी वर्षाला दहा किलो, दिवसाला सत्तावीस ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धं लिंबू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ताळेबंदात हा हिशेब अधिक बारकाईने होतो. १९६१ पासूनची अशी आकडेवारी तिच्याकडे देशवार आहे. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक धरायचा, मग बियाणं, पशुखाद्य, अन्य वापर आणि नासाडी काढून टाकायची. उरेल तो देशाचा ‘अन्नपुरवठा’.

या साऱ्या रकान्यांत एकदाही कुणी कुणाला ‘काय खाल्लंस?’ असं विचारलेलं नसतं. खाण्याचा म्हणून दाखवला जाणारा आकडा ही वजाबाकीची बाकी असते आणि वरच्या प्रत्येक ओळीतली चूक शेवटी तिच्याच पदरात पडते.

पहिलीच ओळ घ्या. वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा बऱ्याचदा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी बागेत फेरी मारतो, लगडलेल्या फांद्यांवरून माल किती निघेल ते ताडतो आणि उक्ता सौदा ठरतो. शेतकऱ्याला विचारलं तर बाग किती लाखांना दिली ते तो सांगेल. किती टन निघाला हे व्यापाऱ्याला ठाऊक. सरकारी आकडा बनतो तो क्षेत्राला हेक्टरी उत्पादकतेने गुणून. त्यातलं क्षेत्र पीकपाहणीतून मिळतं, पण उत्पादकता शेवटी अंदाजच. आंबिया बहराला ऑगस्टमध्ये फळगळ लागली की झाडाखाली सडा पडतो आणि तो अंदाज कोसळतो. उलट परसातलं, बांधावरचं लिंबाचं एखादं झाड घरादाराला वर्षभर पुरतं, पण या हिशेबात ते बहुधा येतच नाही.

निर्यातीच्या ओळीत तर हिशेबाची गंमत क्रूर होते. नागपुरी संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेलं. २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर पोचलं. गाड्या थांबल्या, माल देशातच अडकला, भाव पडले. ताळेबंदात मात्र निर्यात कमी झाली की बाकी आपोआप वाढते. नासाडी बहुतेकदा ठरावीक टक्केवारीने धरतात, त्यामुळे बांधाशी ओतून दिलेलं संत्रंही देशवासीयांच्या वाट्याला आलेलं फळ ठरू शकतं. शेतकऱ्याचं नुकसान कागदावर ग्राहकाची सुबत्ता म्हणून उतरतं.

लिंबाची कथा आणखी वेगळी. शनिवारी दुकानाच्या चौकटीला मिरच्यांसोबत बांधलेलं, नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडलेलं, देवीच्या गळ्यातल्या माळेतलं, तिठ्यावर उतारा म्हणून टाकलेलं लिंबू कुणाच्याच पोटात जात नाही. ‘अन्य वापरा’चा रकाना त्यासाठी मोकळा आहे, मोजणार कोण?

पोटाकडून मोजण्याची दुसरी वाटही आपल्याकडे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक घरोघर जाऊन खर्च विचारतात. २०११-१२ च्या पाहणीत संत्री-मोसंबी किलोत नव्हे, नगांत विचारली होती. लिंबूही नगावर, पण फळांत नव्हे, भाजीपाल्यात! गृहिणीच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे: लिंबू ती कोथिंबीर-मिरचीबरोबर घेते आणि मोजूनच घेते. वरून येणारा हिशेब टनांचा आणि फळांचा, खालून येणारा नगांचा आणि भाजीचा. ते तंतोतंत जुळणार नाहीतच. दोन्हींतलं अंतर सरबताच्या गाड्यांवर, हॉटेलांत, नासाडीत किंवा अंदाजाच्या चुकीत आहे, आणि शोधायची गोष्ट तीच आहे.

वार्षिक सरासरीला ऋतूही नसतो. एप्रिल २०२२ मध्ये अनेक शहरांत एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकलं गेलं. ज्या महिन्यात सरबताची गरज सर्वांत जास्त, त्याच महिन्यात ते गरिबाच्या हाताबाहेर गेलं. वर्षाचं माणशी दहा किलो हे सांगू शकत नाही. मोसंबीचा रस रोज पिणारा आणि आजारपणातच मोसंबी पाहणारा, दोघांना ते सारखंच वाटून देतं.

म्हणून ताळेबंद टाकाऊ ठरत नाही. दोन देशांची तुलना करायला, साठ वर्षांत पुरवठा वाढला की घटला हे पाहायला त्याच्याइतकं सोयीचं साधन नाही. देशाकडे किती उरलं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. घोटाळा होतो तो त्याच उत्तराला ‘लोकांनी इतकं खाल्लं’ असं म्हटल्यावर. शालेय पोषण आहारात संत्रं द्यावं, ही मागणी विदर्भातून होत आली आहे. ती मान्य करायची तर कोणत्या तालुक्यातल्या मुलांना फळ मिळत नाही, आंबिया संपून मृगाचा माल येईपर्यंत काय करायचं, हे विचारावं लागेल. त्या वेळी माणशी दहा किलोंवर बोट ठेवून ‘पुरवठा तर आहे’ म्हणणारा अधिकारी खोटं बोलत नसेल, पण त्याने प्रश्नही ऐकलेला नसेल. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर ताळेबंदाशेजारी घरोघरची पाहणी ठेवली पाहिजे, आणि दोन्हींत तफावत दिसली की आधी बाकीवर संशय घेतला पाहिजे.