निवाडा राखून ठेवणारी प्रार्थना

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघे वीस. दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला आणि १८७४ मध्ये तिथे त्यांची स्मारकछत्री उभी राहिली. हा इतिहास कोल्हापूरकरांना ठाऊक असतो. आपला राजा ज्या गावात गेला, त्या गावाचे मृतांशी काय नाते होते, हे मात्र आपल्याकडे कुणी फारसे सांगत नाही. जिवंतांची प्रार्थना मृतांच्या उपयोगी पडते, असा ठराव कॅथलिक चर्चने ६ जुलै १४३९ रोजी याच फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये जाहीर केला. त्याच्याही शतकभर आधी, याच शहराने हद्दपार केलेल्या दान्ते कवीने आपल्या काव्यात शुद्धिस्थानाचा, म्हणजे स्वर्गाआधी मृतात्मे जिथे शुद्ध होतात त्या जागेचा, डोंगर रचला होता. त्या डोंगरावरचे मृतात्मे तिथे आलेल्या जिवंत दान्तेकडे पुन्हापुन्हा मागणे मागतात : घरच्यांना आमच्यासाठी प्रार्थना करायला सांग.

बाहेरून पाहणाऱ्याला ही प्रार्थना म्हणजे परलोकातल्या शिक्षेत सूट मिळवण्याची खटपट वाटते. माझ्या मते तिचे खरे मोल दुसरीकडे आहे. मेलेल्या माणसाबद्दल शेवटचा निवाडा देण्याचा अधिकार ती जिवंतांच्या हातून काढून घेते. माणूस गेला की आपण दोनपैकी एक करतो. त्याला थोर ठरवून पुतळ्यात बसवतो, नाहीतर त्याचे दोष मोजून त्याच्या नावावर फुली मारतो. दोन्हींत तो आपल्यापुरता संपलेला असतो. प्रार्थना करणारा मात्र एकाच वेळी दोन गोष्टी कबूल करतो : गेलेल्या माणसात क्षमा मागावी असे काहीतरी होते, आणि तरीही तो आपला आहे. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. ती मानवंदना योग्यच होती आणि मनापासून होती. पण मानवंदनेत मृतासाठी काही मागितले जात नाही. जे मिळाले त्याची कृतज्ञता असते. ज्याला कुणी मानवंदना देणार नाही, अशा सामान्य, चुकलेल्या, अर्धवट जगलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तिथे उरतो. तो कॅथलिक प्रार्थनेने उचलला आहे.

या प्रार्थनेचा जुन्यात जुना आधार कॅथलिक बायबलातल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात सापडतो. यहुदी सेनापती यहुदा मक्काबीचे काही सैनिक लढाईत पडले. प्रेते उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत निघाले. धर्मासाठी लढणाऱ्यांनीच धर्म मोडला होता, आणि पुरावा अंगावरच होता. यहुदाने त्यांना हुतात्मे म्हणून मिरवले नाही आणि गद्दार म्हणून टाकूनही दिले नाही. वर्गणी काढून चांदीची दोन हजार नाणी जेरुसलेमला पाठवली, त्यांच्या पापासाठी बलिदान अर्पण व्हावे म्हणून. या कथेत दोष लपवलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच तिचा गाभा आहे. संत ऑगस्टीनची आई मोनिका इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात वारली. माझा देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले होते. पुढे आत्मचरित्रात ऑगस्टीनने आईचे मनापासून गुणगान केले, आणि त्याच प्रकरणात गुणगान बाजूला ठेवून तिच्या पापांची क्षमाही मागितली. आईला देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह त्याच्याइतका कुणाला झाला असेल? तरी त्याने तिला माणूसच राहू दिले. ही रीत आजही टिकून आहे. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. दफनाच्या दिवसापासून ४ मेपर्यंत नऊ दिवस त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरच्या मुख्य कॅथलिक उपासना, झाल्या. जगभर त्यांच्या सद्गुणांविषयी लिहिले जात असताना त्यांचे स्वतःचे चर्च त्यांच्यासाठी दया मागत होते.

याला सर्वांत भक्कम विरोध खुद्द ख्रिस्ती घरातूनच झाला, आणि कोल्हापुरात तो अधिक ओळखीचा आहे. इथे १८५२ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि पुढे त्यांचे काम हाती घेणारे प्रेसबिटेरियन मिशन प्रॉटेस्टंट परंपरेतले. प्रेसबिटेरियन पंथाच्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धाकबुलीत मृतांसाठी प्रार्थना करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या बायबलात मक्काबींचे ग्रंथ धरलेले नाहीत. त्यांचा मुद्दा ग्रंथांच्या यादीपुरता नाही : ख्रिस्ताने क्रुसावर सारे पूर्ण केले असेल, तर त्यात आपल्या प्रार्थनेची भर कशाला? हा आक्षेप देवाच्या थोरवीच्या काळजीपोटी आला आहे, म्हणून त्याचा आदर वाटतो. पण तो खरा धरला, तर जिवंतांसाठीची प्रार्थनाही फोल ठरेल. आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करताना कुणीही प्रॉटेस्टंट ख्रिस्ताच्या कार्यात उणेपणा काढत नाही. त्या कार्यात प्रेमाने सामील होतो. मग मृत्यूच्या क्षणी हे सामील होणे का थांबावे? माणसाची घडण एकट्याची नसते, दुसऱ्यांची आयुष्ये त्याच्यात गुंतलेली असतात, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेविषयीच्या परिपत्रकात मांडले. आपल्या घड्याळाने देवाचा काळ मोजता येत नाही, म्हणून दुसऱ्यासाठी मागायला उशीर झाला असे कधी होत नाही, हेही तिथेच आहे. मला ही मांडणी पटते.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो या मातीत फार खोल रुजलेला आहे आणि सकारण रुजलेला आहे. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, तेव्हा मृताच्या नावाने भटभिक्षुकांची होणारी कमाई हा त्यांच्या टीकेचा एक रोख होता. युरोपात तीच चीड १५१७ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याने बोलून दाखवली. टेट्झेलसारखे प्रचारक मृतांच्या सुटकेच्या नावाने पैसे गोळा करत होते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि तिचे समर्थन कुणीही करू नये. श्रीमंताच्या आत्म्याला शंभर मिस्सा आणि गरिबाला एकही नाही, असा देवाचा न्याय असूच शकत नाही. पण प्रथेचा कल कुठे आहे, हेही पाहावे लागते. क्लुनीच्या मठात ओदिलो या मठाधिपतीने अकराव्या शतकाच्या सुमारास २ नोव्हेंबर हा दिवस नेमला तो कुणा एका घराण्याच्या मृतांसाठी नाही, सर्वच मृतांसाठी. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१५ मध्ये, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. दक्षिणा फक्त एकीसाठी घेता येते. दुसरी सर्व मृतांसाठी, तिसरी पोपच्या हेतूसाठी, आणि या दोन्ही विनादक्षिणा. ज्यांच्या नावाने ठेवलेल्या देणग्या काळाच्या ओघात बुडाल्या आणि ज्यांचे नाव घेणारे घरात कुणी उरले नाही, त्यांना या मिस्सांत जागा मिळाली. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला तिथी ठाऊक नसलेल्यांचेही स्मरण होते. दोन्हींचे तत्त्वज्ञान वेगळे आहे, पण कुणी वगळले जाऊ नये ही कळकळ दोन्हीकडे दिसते.

मग राजाराम महाराजांसारख्या हिंदू राजासाठी ही प्रार्थना होते का? होते, आणि नाव न घेता होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रूढ झालेल्या मिस्सेच्या चौथ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचे स्मरण आहे. कुणी म्हणेल, ज्यांनी मागितली नाही त्यांच्यावर ही प्रार्थना लादणे म्हणजे मेल्यावर धर्मांतर करणे आहे. तसे नाही. इथे मृताला कोणत्याही धर्मात ओढले जात नाही, त्याच्यावर संस्कार होत नाही, त्याची नोंद बदलत नाही. त्याच्या अंतःकरणाचा निकाल आपण देऊ शकत नाही, एवढेच मान्य करून त्याचे भले मागितले जाते.

खुद्द चर्चलाही आवरण्याचे काम या प्रार्थनेला करावे लागले आहे. सिसिलीचा राजा मान्फ्रेद १२६६ च्या लढाईत बहिष्कृत अवस्थेत मेला. धर्माधिकाऱ्याने त्याची हाडे उकरून नदीकाठी, मेणबत्तीही न लावता टाकली, असे दान्ते सांगतो. आणि तोच दान्ते त्याला शुद्धिस्थानात दाखवतो, मुलीच्या प्रार्थनेची वाट पाहताना. कवीने धर्माधिकाऱ्यापेक्षा प्रार्थनेचे तर्कशास्त्र नीट ओळखले होते. आत्महत्या केलेल्यांच्या बाबतीत चर्चला ते ओळखायला आणखी सहा शतकांहून अधिक काळ लागला. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक दफन नाकारलेले होते. म्हणजे ज्या घरावर सर्वांत मोठे दुःख कोसळले, त्याच घराच्या दारात निवाडा जाऊन उभा राहत असे. १९८३ च्या संहितेतून हा नकार गेला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तीव्र मानसिक यातना आणि भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केले, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते असे नोंदवले. महाराष्ट्रात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी त्यांच्या मृत्यूचे खापर कुणावर फोडायचे याची चर्चा वर्षानुवर्षे चालते : व्यसन होते का, दुष्काळ होता का, भरपाईला पात्र की अपात्र. सरकारला ती छाननी करावी लागत असेल. मिस्सेत त्या माणसाचे नाव घेतले जाते तेव्हा यातला एकही प्रश्न विचारला जात नाही.