केंसांचें मेण

मनुष्यानें आपल्या देहाची जी निगा राखावयाची तिची मर्यादा कोणती, हा प्रश्न नीतिशास्त्रावरील ग्रंथांत फारसा येत नाहीं; घरोघरीं मात्र तो रोज सकाळीं आरशापुढें उभा राहतो. खराडीसारख्या ठिकाणीं तर विशेषच. मुळामुठेच्या कांठचें हें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि पुढें इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर इत्यादि इमारती उठल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतील पदवीधर तरुणांची तेथें रीघ लागली. ह्या तरुणांच्या खोल्यांतून एखादे वेळीं पुस्तक सांपडणार नाहीं, पण हेअर वॅक्सची चपटी डबी सहसा चुकत नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी तेथेंच नोकरीस आहे. त्याचे वडील गांवाहून आले असतां ती डबी त्यांच्या दृष्टीस पडली, आणि "हे नटवे धंदे शिकायला तुला पुण्याला धाडला काय?" असा त्यांनीं सवाल केला. बापलेकांत दोन दिवस अबोला राहिला.

त्या रागाचें पृथक्करण केलें तर त्यांत दोन आक्षेप आढळतात. एक, केंस ही क्षुद्र वस्तु असून तिच्यापायीं वेळ व पैसा दवडणें पुरुषास शोभत नाहीं. आणि दुसरा, असें मुद्दाम घडविलेलें रूप हें खोटें रूप होय. पैकीं पहिला आक्षेप आमच्या समाजाच्या तोंडीं तरी शोभत नाहीं. शेंडी किती राखावी, श्मश्रू कोणत्या वारीं करावी, ह्याचा ज्यानें पिढ्यानुपिढ्या काथ्याकूट केला, आणि विधवेच्या केंसांवर तर कुळाची अब्रू टांगून ठेविली, त्या समाजानें केंस क्षुद्र आहेत असें कोणत्या तोंडानें म्हणावें? १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं, विधवांचें केशवपन आपण ह्यापुढें करणार नाहीं, असा निर्धार केला. शास्त्र्यांच्या वादांत न सुटलेला प्रश्न ज्यांच्या हातीं वस्तरा होता त्यांनीं तो खालीं ठेवून निदान आपल्यापुरता सोडविला. स्त्रीच्या मस्तकावर केंस राहावे कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार तिच्यावांचून इतर सर्वांस होता, हा अन्याय ज्यास कळला, त्यास स्वतःच्या केंसांचें काय करावें हें स्वतः ठरवितां येणें ही केवढी मोकळीक आहे हेंही कळेल.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. परंतु मेण ही वस्तु आमच्या घरांना परकी नाहीं. टिकल्यांचीं पाकिटें येण्यापूर्वीं कुंकवाच्या करंड्याशेजारीं मेणाची लहानशी डबी असे. कपाळावर आधीं मेणाचा ठिपका आणि त्यावर कुंकू, अशी रीत होती. त्या मेणानें कुंकवाला रंग येत नसे. घामानें तें ओघळूं नये, एवढेंच त्याचें काम. केंसांच्या मेणाचें कामही तेंच. मधमाशांच्या पोळ्याचें मेण, ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचें कार्नोबा मेण, मेंढीच्या लोकरींतून निघणारें लॅनोलिन, व्हॅसलीनच्या जातीचे खनिज पदार्थ, अशांपैकीं कांहींचें तें मिश्रण असतें. तें एक केंस उगवीत नाहीं, पांढऱ्याचा काळा करीत नाहीं. हातानें जो केंस जेथें ठेविला तेथें त्यानें दिवसभर राहावें, इतकीच त्याची सेवा. वय चोरणाऱ्या कलपावर खोटेपणाचा आरोप एक वेळ करतां येईल (तोही आम्ही जपूनच करूं, नाहीं तर निम्म्या स्नेह्यांशीं वैर पत्करावें लागेल), पण मेणावर तो टिकत नाहीं. विस्कटलेले केंस खरे आणि विंचरलेले खोटे म्हटल्यास, खोडाखोडीचा मसुदा खरा व स्वच्छ उतरविलेली प्रत खोटी म्हणावी लागेल. आणि उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें हा सिद्धान्त आम्हांस मान्य होणें नाहीं.

तरीपण वडिलांचा संताप अगदींच निराधार नव्हता. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, तिथें आमचें बोलणें ऐकण्याआधीं आमचें डोकें पाहतात." मराठवाड्यांतील खेड्यांतून आलेल्या मुलाचा इंग्रजी उच्चार सुधारण्यास वर्षें लागतात, केंस पांच मिनिटांत सुधारतात. तेव्हां जें हातांत आहे तें त्यानें केलें तर त्यास नटवा म्हणणें म्हणजे परीक्षकाचा दोष परीक्षार्थ्याच्या माथीं मारणें होय. भीति आहे ती निराळीच. परक्याच्या नजरेनें स्वतःकडे पाहण्याची संवय मुलाखतीपुरती लावून घ्यावी, तर नोकरी लागल्यावरही ती सुटत नाहीं. मग मनुष्य कोणत्याही ठिकाणीं गेला तरी आधीं आपल्या केंसांना तेथें पोंचवितो आणि मागाहून आपण पोंचतो.

ह्याचें प्रत्यंतर नगर रस्त्यावर सकाळीं नऊ वाजतां पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें दुचाकीस्वारास हेल्मेट घालणें भाग आहे. पण पुण्याचें आणि हेल्मेटचें वैर जुनें. २०१९ च्या जानेवारींत सक्ती सुरू झाली तेव्हां शहरांत तिच्याविरुद्ध मोर्चाही निघाला. मान दुखते, मागचा भोंगा ऐकूं येत नाहीं, हीं कारणें सभेंत मांडण्याजोगीं आहेत. केंस बसतात हें कारण तसें नाहीं. परंतु खासगींत तरुणांनीं आम्हांस तेंच अधिक वेळां सांगितलें आहे. येथें मात्र आम्ही वडिलांच्या पक्षाला जाऊन बसतों. ज्या मस्तकाच्या शोभेसाठीं हें सर्व, तेंच केंसांची घडी मोडूं नये म्हणून ट्रकांच्या रांगेंत उघडें न्यावयाचें, ह्याला हौस म्हणतां येत नाहीं, दास्य म्हणावें लागतें. आणि घरीं वाट पाहणाऱ्या आईचा त्या मस्तकावर कांहीं हक्क आहे कीं नाहीं?

मौज अशी कीं ह्या पेंचांतून सुटण्याचा मार्ग त्या डबींतच आहे. जेल वाळून कडक होतें व एकदां मोडलें कीं तसेंच राहतें. मेण वाळत नाहीं, म्हणून बोटांनीं केंस पुन्हां वळवितां येतात. तेव्हां दुचाकीवर जाणाऱ्यानें मऊ मेण निवडावें, पाण्यानें धुतलें जाणारें असल्यास उत्तम, आणि तें घरीं न लावतां ऑफिसांत पोंचल्यावर लावावें. हरभऱ्याच्या दाण्याएवढें पुरे. पोळ्याचें मेण बासष्ट-चौसष्ट अंशांवर वितळतें. तळहाताच्या उबेनें तें केवळ सैल पडतें, म्हणून आधीं दोन्ही हातांवर चांगलें चोळावें, आणि मग कोरड्या केंसांतून मागून पुढें बोटें फिरवावीं. टाळूस व कपाळास लावूं नये, पुटकुळ्या येतात. केंस विरळ असतील तर तेलकट मेणानें ते चिकटून अधिकच विरळ दिसतात. त्यांस मातीचा अंश असलेलें, चकाकी नसलेलें मेण बरें. (आमच्या मस्तकावर आतां दोहोंनाही काम उरलेलें नाहीं.) लावूनच निघणें भाग असेल तर हेल्मेटखालीं पातळ सुती टोपी घालावी. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज साहेब डोक्याला मॅकॅसर तेल थापीत, तेव्हां त्यांच्या बायकांनीं खुर्च्यांच्या पाठींवर कापडाचे तुकडे घालण्याची युक्ति काढली होती. ही टोपी त्याच घराण्यांतली, आणि ती आठवड्यांतून दोनदां तरी धुवावी लागते.