न मागता मिळालेले पैसे

२०२४ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूरला गेलो होतो. शिरोलीत छोटे वर्कशॉप चालवणारा धाकटा भाऊ खुशीत होता. म्हणाला, "दादा, यंदा मार्चअखेर पार्ट्यांनी न मागता बिलं भागवली!"

लघुउद्योजकाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत द्यावेत, हा भारतातला कायदा २००६ चाच. उशीर झाल्यास व्याजही होते. पण व्याज मागून गिऱ्हाईक कोण तोडणार? २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला आयकराची जोड दिली. मुदत चुकली, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल, त्याच वर्षी त्या खर्चाची वजावट.

मी विचारले, "कर वाचवायला दिलेले पैसे, हा काय प्रामाणिकपणा?"

तो म्हणाला, "माझ्या कामगारांचे पगार वेळेवर झाले. देणाऱ्याचं मन मी कशाला तपासू?"

मी गप्प झालो. आमच्या जुन्या घराची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे पैसे 'पुढच्या ट्रिपला देऊ' म्हणत मीच वर्षभर अडकवले होते. त्याने कधी मागितले नाहीत, आणि माझी वजावट कोणी रोखणार नव्हते. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

मंडळी, देणाऱ्याचे मन तपासायचेच, तर ते आपले स्वतःचे तपासावे.