विश्वासू कंत्राटदार कोणाला म्हणावे?

घर बांधायला काढलेला मनुष्य भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतो : ‘एखादा विश्वासू कंत्राटदार माहीत आहे का?’ प्रश्न व्यवहारातला आहे. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यावर आपण विश्वास टाकला, त्याचे काम तपासून पाहणे हा त्याचा अपमान ठरतो काय?

पूर्वी आपल्या गावांतून गवंडी आणि सुतार पंचक्रोशीतलेच असत. कामात कुचराई झाली तर त्याच गावात तोंड दाखवणे त्यांना कठीण जाई. लोकलज्जा हाच जामीन होता. आज कंत्राटदार एका गावचा, सेंट्रिंगवाला दुसऱ्या गावचा आणि मजूर परप्रांतातले असतात. शिवाय बांधकामाचा महत्त्वाचा भाग आता डोळ्यांआड गेला आहे. स्लॅबमध्ये सळ्या किती व कोणत्या जाडीच्या घातल्या, हे काँक्रीट ओतल्यावर मालकाला दिसत नाही. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात पाणी वाढवले, तर त्याची ताकद घटते. साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. चौथ्याच दिवशी पाणी मारणे थांबले, तर त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही. गळती, गंजलेली सळई, सुटलेले प्लॅस्टर ही काही पावसाळ्यांनंतर प्रकट होतात. तोवर शेवटचा हप्ता चुकता झालेला असतो. जन्मभराची पुंजी मोजून मनुष्य जे विकत घेतो, त्यातला मोठा वाटा दुसऱ्याचा न दिसणारा प्रामाणिकपणा असतो.

या अंधारात आपण बहुधा दोन वाटा धरतो. पहिली ओळखीची. नात्यातल्या किंवा परिचयातल्या माणसाला काम द्यायचे आणि मग भिडेपोटी त्याला काही विचारायचे नाही. मनात शंका, तोंडावर हसू आणि पाठीमागे कुजबुज, अशी त्या नात्याची गत होते. अशा मौनाला विश्वास म्हणता येणार नाही. दुसरी वाट सर्वांत कमी दराची. वाजवी खर्चाच्याही खाली दर पाडून घेणाऱ्या मालकाने, ती तूट कोण सोसणार, हे स्वतःला विचारावे. ती सिमेंटमधून निघते किंवा मजुराच्या रोजंदारीतून. दोन्ही ठिकाणी मालकाचा हात असतो.

येथे वास्तुविशारदाचे स्थान लक्षात येते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्यावाचून कोणालाही ही उपाधी लावता येत नाही. ती नोंदणी विचारून घेण्यात संकोच नसावा. मंजुरीपुरता नकाशा काढून घ्यायचा आणि देखरेखीचे मानधन वाचवायचे, ही आपल्याकडची सवय घातक आहे. आपल्याच कामाचा न्यायाधीश कोणी होऊ नये, हे तत्त्व घराच्या पायालाही लागू पडते. वास्तुविशारद हा मालकाचा जाणता डोळा आहे. मात्र तोच कंत्राटदाराकडून दलाली घेत असेल, तर तो डोळा मिटलाच म्हणायचा.

करारपत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य ऐकायला गोड वाटते. परंतु खोटा नसलेला माणूसही विसरतो, आणि तोंडी ठरलेल्या गोष्टी दोघांच्या स्मरणात वेगवेगळ्या राहतात. कोणते साहित्य वापरायचे, जोते, स्लॅब, प्लॅस्टर अशा कोणत्या टप्प्यावर किती रक्कम द्यायची, दोषदुरुस्तीसाठी किती रक्कम किती काळ राखून ठेवायची, हे लिहिलेले असले की मैत्री टिकते.

सुमारे ३७०० वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबीने नियम केला होता की, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त शासन व्हावे. आपल्याकडे १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. कायद्याचा आधार हवाच. पण भिंतीला तडा गेल्यावर मिळणारी भरपाई ही घराची बरोबरी करू शकत नाही.

मग सारेच तपासायचे, तर विश्वासाला जागा कोठे उरते? ती भरपूर उरते. प्रत्येक घमेल्यापाशी कोणी उभा राहू शकत नाही. तपासणी काही ठिकाणीच पोहोचते. उरलेले काम करणाऱ्याच्या सचोटीवर सोडावेच लागते. शिवाय तपासणीचा खरा लाभ प्रामाणिक कंत्राटदारालाच होतो. जेथे कोणी पाहत नाही, तेथे पुरेसे सिमेंट घालणारा महाग ठरतो आणि चोरी करणारा स्वस्त. हळूहळू पहिला त्या धंद्यातून उठतो. आपल्या न पाहण्याने आपण सज्जनालाच हरवतो. सळ्या बांधून झाल्यावर ‘या, पाहून घ्या, मगच ओततो,’ असे जो आपणहून म्हणतो, तो विश्वासू.

आणि विश्वासू मालक कोणाला म्हणावे? अर्ध्या कामात नकाशा बदलून जुन्याच दरावर अडून बसणारा, ठरलेला हप्ता लांबवणारा, शेवटची रक्कम क्षुल्लक खोड काढून अडकवणारा मालक दुसऱ्याकडे सचोटी कोणत्या तोंडाने मागणार? त्याच्या अडकलेल्या हप्त्यापायी शनिवारी मजूर रिकाम्या हाताने घरी जातात. कंत्राटदाराची चौकशी आपण चार घरी करतो. तशीच आपली चौकशी त्याने चार ठिकाणी केली, तर त्याच्या कानी काय पडेल, याचा विचार पाया खणण्यापूर्वी करून ठेवावा.