शून्याचा हिशेब

आमच्या गल्लीत नानांचे लोणची-मसाल्यांचे दुकान आहे. दहा बाय बारा. संचालक मंडळ म्हणजे नाना, काकू आणि परीक्षा नसेल तेव्हा मुलगा. जमाखर्च लाल वहीत, उधारी काकूंच्या डोक्यात. डोक्यातला हिशेब जास्त बिनचूक!

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २०१९ पासून आपल्याकडे माल विकणाऱ्याला वर्षाकाठी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सहसा सक्ती नाही. तिथवर जायचे तर नानांना मिरच्यांऐवजी सोने कुटायला बसावे लागेल. पण बाजारपेठेतला एक बडा दुकानदार म्हणाला, "नंबर असेल तर माल घेतो." नानांनी नंबर घेतला. पुढे दुकानदार गेला, नंबर राहिला.

अशात काकू आजारी पडल्या. दोन महिने दुकान बंद. विकलेच नाही तर सांगायचे काय, असा नानांचा भाबडा समज. पण काही विकले नाही हेसुद्धा वेळेवर कळवावे लागते, नाहीतर दिवसाला २० रुपये. सरकार त्याला विलंब शुल्क म्हणते, नाना दंड म्हणतात. शून्याचा शोध आपल्या पूर्वजांनी लावला खरा, पण त्यावर दंड बसवायचे काही त्यांना सुचले नाही.

रक्कम फार नव्हती. नाना एवढेच म्हणाले, "साहेब, मी चोरी काय केली हो?"

मी गप्प. कारण मीही खिडकीपलीकडचाच. याच नानांना मी एकदा परत पाठवले होते. एका कागदावर आडनाव आधी होते, दुसऱ्यावर शेवटी. माणूस समोर उभा, वीस वर्षांच्या ओळखीचा. आणि मी कागदाला विचारतोय, हे नानाच का?

आता कागदाची बाजूही ऐका. तो जात विचारत नाही, वशिला विचारत नाही. नुसत्या तोंडओळखीवर बँक चालवली तर कर्ज साहेबांच्या मेहुण्यालाच मिळेल. कागद हवाच. पण मोठ्या कंपनीत तो वाचायला एक खाते असते. नानांकडे एक रविवार असतो, तोही मसाला कुटण्यात जातो. एकच फॉर्म सगळ्यांना, म्हणजे समानता झाली. पण हमालाच्या आणि पोराच्या डोक्यावर सारखेच पोते ठेवले तर त्याला न्याय म्हणायचे का? बी.कॉम.ला हा प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर पाठ नाही.

पुढच्या रविवारी नानांचे शून्य मीच भरून दिले. संध्याकाळी ते लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आले. मी सवयीने बरणी फिरवून तारीख शोधू लागलो.

"साहेब," नाना म्हणाले, "आधी चाखून तर बघा!"