आधाराचा संयम

व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार संपल्यावर माणसाने लगेच जुन्या घरी आणि जुन्या मित्रांत परतू नये, तर काही महिने अशा घरात राहावे जिथे दारूला आणि सर्व मादक पदार्थांना पूर्ण मज्जाव आहे व सोबतची माणसेही त्याच वाटेने चाललेली आहेत, ही व्यवस्था अमेरिकेत ‘सोबर लिव्हिंग’ या नावाने रुळलेली आहे. असे घर म्हणजे रुग्णालय नव्हे. तेथे राहणारा दिवसा कामाला जातो, आपल्या वाट्याचे भाडे भरतो, स्वयंपाक आणि झाडलोट करतो. कोणते घर निवडावे हा प्रश्न बहुधा भाडे, अंतर आणि सोयी यांच्या हिशेबाने सोडवला जातो, परंतु त्याच्या तळाशी नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे: जो संयम बाहेरच्या आधारावर उभा आहे, तो त्या माणसाचा स्वतःचा संयम मानावा काय?

योग्य काय ते कळत असूनही माणूस त्याच्या उलट वागतो, या अवस्थेला ॲरिस्टॉटलने ‘अक्रसिया’ म्हणजे आत्मसंयमाचा अभाव असे म्हटले आणि आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात तिची सविस्तर चिकित्सा केली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हाच पेच मांडतो, की इच्छा नसताना माणूस कोणाच्या जोराने पापाकडे ओढला जातो. व्यसन सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा पेच रोजचा होतो, कारण सकाळी मनापासून केलेला निश्चय संध्याकाळच्या तलफेपुढे टिकत नाही आणि तरीही तो सकाळी खोटा नव्हता. म्हणून घराची निवड ही एका विशेष प्रकारची निवड ठरते. मन स्थिर असलेल्या घटकेला माणूस, मन स्थिर नसेल त्या घटकेसाठी निर्णय करून ठेवतो. होमरच्या महाकाव्यातील ओडिसियस, खलाशांना भुलवून नाशाकडे ओढणाऱ्या सायरनांचे गाणे ऐकण्यापूर्वी, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, हा दाखला तत्त्वज्ञ या संदर्भात नेहमी देतात, पण तो अर्धाच लागू पडतो, कारण ओडिसियसचे खलाशी कानात मेण घालून बसलेले असतात, तर या घरात दोर धरणारा प्रत्येक जण तेच गाणे ऐकत असतो.

यावर आक्षेप असा, की घराच्या नियमांमुळे जो पीत नाही त्याने व्यसन जिंकले नाही, केवळ संधी गमावली. हा आक्षेप एकटा, स्वयंपूर्ण असा माणूस गृहीत धरतो, आणि तसा माणूस अनुभवात सापडत नाही. सन्मित्रांची संगत म्हणजे अर्धी धर्मसाधना होय, असे शिष्य आनंद याने म्हटल्यावर बुद्धाने त्याला थांबवून ती अर्धी नसून संपूर्ण साधना आहे असे सांगितल्याची कथा पाली ग्रंथांत येते. वारकरी संप्रदायात माळ घालणारा माणूस मद्यमांस सोडतो तेव्हा त्याचा निश्चय गळ्यातल्या माळेइतकाच भोवतालच्या दिंडीवर टेकलेला असतो, आणि तरीही तो निश्चय कोणी उसना मानत नाही. आधुनिक संशोधनाचा कलही याच दिशेने आहे: व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर त्यांतील बहुसंख्य पुन्हा व्यसनाधीन झाले नाहीत असे दिसले. म्हणजे जागा आणि संगत यांना बाह्य उपकरणे मानणे चूक आहे; इच्छाशक्ती त्यांच्यातच घडते किंवा मोडते.

मात्र याचा अर्थ कोणताही आधार सारखाच, असा होत नाही. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे व्यसनातून सावरणाऱ्यांचे एक निवासगृह बंद होऊ लागले तेव्हा तेथील रहिवाशांनीच ते भाड्याने घेऊन चालवायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘ऑक्सफर्ड हाउस’ ही चळवळ उभी राहिली. तिचे मूलभूत नियम तीनच आहेत: घराचा कारभार रहिवाशांनी मतदानाने चालवावा, खर्च आपसांत भागवावा, आणि जो पुन्हा दारू किंवा मादक पदार्थ घेईल त्याला घर सोडावे लागेल. राहण्याला मुदत नाही. पदाधिकारी सहा महिन्यांनी बदलतात. लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी १५० जणांवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर या घरांत पाठवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के, तर नेहमीच्या पाठपुराव्यावर सोडलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोक नशा करताना आढळले. या फरकाचे एक कारण उघड आहे. व्यसनात ज्याच्या शब्दाला घरात किंमत उरली नव्हती, त्याच्या हाती येथे खजिनदाराची वही येते. नियम त्याच्यावर लादला जात नाही, तो नियमाच्या बाजूने हात वर करतो. जो आधार माणसाला असा कर्ता करतो, त्यावरचा संयम निःसंशय त्याचा स्वतःचा आहे.

खरी अडचण तिसऱ्या नियमात आहे. एकाच्या घसरण्याने साऱ्या घराचा निश्चय डळमळू शकतो, म्हणून नियम कठोर असणे समजण्याजोगे आहे. पण काही आठवडे नशेविना राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, जुनी मात्रा तेव्हा प्राणघातक ठरू शकते, आणि नेमक्या त्याच रात्री माणूस रस्त्यावर येतो. बाकीच्यांचे रक्षण आणि या एकाविषयीची करुणा ही दोन्ही कर्तव्ये खरी आहेत. त्याला त्या घरातून हलवणे न्याय्य असेल, परंतु कुठे जायचे ते न ठरवता बाहेर काढणे हा न्याय नव्हे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारखी, तलफ आवरणारी आणि मृत्यूचा धोका घटवणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणाऱ्याला ‘अजून नशेतच’ समजून काही घरे दार बंद करतात, तेथेही शुद्धतेचा आग्रह माणसाच्या प्राणांहून मोठा केला जातो, आणि तो दोष मानलाच पाहिजे.

शिवाय आधार हा धंदाही होऊ शकतो. ॲरिझोनामध्ये २०२३ साली उघड झालेल्या प्रकरणात मूळ अमेरिकन जमातींतील अनेकांना उपचाराच्या नावाखाली अशा घरांत नेऊन सरकारी आरोग्य योजनेकडून न दिलेल्या सेवांचे पैसे उकळले गेले. रहिवासी तेथे केवळ बिलापुरता उरला होता.

म्हणून घर निवडणाऱ्याने, आणि बहुधा त्याच्या वतीने विचारपूस करणाऱ्या आईवडिलांनी, बायकोने, भावाने, पहिले भाडे हाती देण्यापूर्वी तेथील रहिवाशांना मालकाच्या माघारी भेटावे. नियम कोणी केले, पैसे कोणाच्या ताब्यात असतात, डॉक्टरांनी दिलेली औषधे चालतात की नाही, हे विचारावे. आणि ज्या रात्री एखादा घसरतो त्या रात्री त्याला कुठे पोचवले जाते, याचे उत्तर लेखी मागावे.