मर्सोचा ओला टॉवेल

फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय सक्तीचा असतो. जून महिन्यात चार तासांचा पेपर होतो आणि त्यातले प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येतात. सतरा-अठराव्या वर्षीच देकार्त आणि कान्ट यांची तोंडओळख झालेला वाचक समोर असला की कादंबरीकाराचीही भीड चेपते. विसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीत विचार करणाऱ्या नायकांची जी भाऊगर्दी झाली, तिला या पेपराचाही थोडा हातभार असावा. लिहिणारेही त्याच मुशीतून निघालेले. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय स्पर्धापरीक्षेत १९२९ साली ज्याँ-पॉल सार्त्र पहिला आला, सिमोन द बोव्हार दुसरी. सार्त्रची ती दुसरी खेप होती. आदल्या वर्षी महाशय नापास झाले होते. अल्जिरियातल्या आल्बेर काम्यूच्या वाट्याला ती परीक्षा आलीच नाही. क्षयाने त्याची वाट अडवली.

एवढी विद्वत्ता पाठीशी असूनही या परंपरेतले टिकून राहिलेले नायक व्याख्यानं देत नाहीत. त्यांचं तत्त्वज्ञान एखाद्या क्षुल्लक वस्तूशी झालेल्या झटापटीत पकडावं लागतं.

सार्त्रची 'ला नोझे' (१९३८), म्हणजे आपल्याकडे 'नॉशिआ' म्हणून वाचली जाणारी कादंबरी, जन्मली तेव्हा कादंबरी नव्हतीच. ल हाव्रच्या शाळेत शिकवता शिकवता सार्त्र एक रुक्ष टिपण घोटत होता: जगात काहीही असण्याला काही कारण नाही, ते नसतं तरी चाललं असतं. बोव्हारने त्याला सुचवलं, की दोघांना आवडणाऱ्या रहस्यकथांमधली उत्कंठा यात आण. मग तयार झाला आंत्वान रोकांताँ. बूव्हिल नावाच्या काल्पनिक बंदरगावात एका जुन्या मार्क्वीचं चरित्र लिहीत बसलेला, एकटा, तिशीचा. बागेतल्या चेस्टनटच्या मुळासमोर त्याला अस्तित्वाचा साक्षात्कार होतो ती पानं जगप्रसिद्ध आहेत. पण तिथे मास्तरांच्या हातातला खडू दिसतो. त्याच्या कितीतरी आधी, रस्त्यावर पडलेला कागदाचा तुकडा उचलायला रोकांताँ वाकतो आणि त्याला तो उचलवत नाही. बस, एवढंच. पुढची सगळी कादंबरी त्या वाकण्यात आहे.

याच कादंबरीत वाचनालयातली पुस्तकं वर्णानुक्रमे वाचत सुटलेला एक गृहस्थ भेटतो. सगळं ज्ञान ओळीने गिळायचं, हा त्याचा संकल्प. सार्त्रने त्याची यथेच्छ टिंगल केली आहे. पण अखेरीस वाचनालयातल्या कर्मचाऱ्याचा ठोसा खाऊन रक्ताळलेल्या नाकाने तो बाहेर पडतो, तेव्हा कादंबरीतली माणुसकी रोकांताँपेक्षा त्याच्याच वाट्याला जास्त आली आहे असं वाटून जातं.

'ला नोझे'वर अल्जिअर्सच्या एका दैनिकात परीक्षण आलं. लिहिणारा चोवीस वर्षांचा काम्यू. लेखकाच्या ताकदीला त्याने दाद दिली, पण विचार आणि चित्र एकजीव झालेले नाहीत, अशी तक्रारही नोंदवली. चार वर्षांनी, १९४२ साली, त्याची स्वतःची 'लेत्रांजे' आली.

तिचा नायक मर्सो हा अल्जिअर्समधला साधा कारकून. पुस्तकं नाहीत, सिद्धान्त नाहीत. कचेरीत दुपारी हात धुवायला त्याला आवडतं, संध्याकाळी आवडत नाही. कारण तिथला रुळावरचा टॉवेल दिवसभर सगळ्यांनी वापरून तोवर चिंब झालेला असतो. एकदा त्याने हे साहेबाच्या कानावर घातलं. साहेबाला वाईट वाटलं, पण एवढ्याशा गोष्टीचं काय, असंही तो म्हणाला. हाच साहेब पुढे त्याला पॅरिसची बदली देऊ करतो, तेव्हा मर्सोला त्यात फारसा फरक वाटत नाही. टॉवेलाचा फरक पडतो, पॅरिसचा पडत नाही. कादंबरी आली त्याच वर्षी काम्यूने 'सिसिफसची मिथककथा' हा निबंध प्रसिद्ध करून जगाच्या निरर्थकतेची मांडणी केली. पण ती मांडणी वाचण्याआधी हा टॉवेल वाचावा.

पुढे मर्सोच्या हातून समुद्रकिनाऱ्यावर एका अरब तरुणाचा खून होतो. एक गोळी, मग थोडं थांबून आणखी चार. खटल्यात चर्चा होते ती मात्र भलत्याच गोष्टींची. आईच्या शवपेटीशेजारी तो दूध घातलेली कॉफी प्यायला, सिगारेट ओढली, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर फर्नांदेलचा विनोदी सिनेमा पाहिला. आईच्या अंत्यविधीत रडला नाही हा त्याचा खरा गुन्हा. १९४३ साली सार्त्रने या कादंबरीवर दीर्घ लेख लिहून तिची तुटक, एकमेकींशी नातं नसलेली वाक्यं उलगडून दाखवली. मेलेल्या माणसाला नावच नाही, हा प्रश्न मात्र त्या लेखाच्या केंद्रस्थानी आला नाही.

मराठीत नेमाड्यांच्या 'कोसला'वर (१९६३) लिहिताना समीक्षकांनी काम्यू-सार्त्रची नावं घेतली. तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकराला, अर्थशून्यतेचा दंश झाला आहे हे खरंच. पण धाकटी बहीण मनी गेल्यावर पांडुरंग जो आकांत करतो, त्यापुढे मर्सोचं शांत राहणं ठेवून पाहिलं की कोरडेपणा आणि हताशा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं कळतं. नेमाड्यांचा नायक घर, गाव, बापाशी भांडण यांतून सुटत नाही. मर्सोला सुटायला काही नव्हतंच.

एकविसाव्या शतकात फ्रेंच कादंबरीतल्या या विचार करणाऱ्या नायकाचा वर्ग बदलला. म्युरिएल बार्बेरी स्वतः तत्त्वज्ञान शिकवत असे. तिच्या २००६ सालच्या कादंबरीतली रने मिशेल पॅरिसमधल्या एका श्रीमंती इमारतीची राखणदारीण आहे. चौपन्न वर्षांची ही विधवा चोरून हुसर्ल वाचते, तो थोतांड आहे असा निकालही देते, आणि रहिवाशांना संशय येऊ नये म्हणून खोलीतला टीव्ही चालू ठेवते. कादंबरी जरा गोडगोड आहे. पण विचार करायचा परवाना कोणाकडे असतो, हा तिचा प्रश्न खोटा नाही.

त्या प्रश्नाला धार आणली ती अल्जिरियन लेखक कामेल दाऊदने. फ्रेंचमध्येच लिहिलेली त्याची मर्सोची 'उलटतपासणी' २०१३ साली अल्जिरियात निघाली, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये, आणि २०१५ साली पहिल्या कादंबरीचं गाँकूर पारितोषिक घेऊन गेली. दाऊदने त्या मेलेल्या अरबाला नाव दिलं: मूसा. कथा सांगतो त्याचा धाकटा भाऊ हारून, ओरानच्या एका बारमध्ये, म्हातारपणी. मर्सोचा विचार त्याला परका नाही. उलट तो त्याच्यात पुरेपूर भिनला आहे. १९६२ च्या जुलैत, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेच, हारूनने एका फ्रेंच माणसाला गोळी घातली होती. पकडून नेल्यावर नव्या राष्ट्राच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याला खुनाबद्दल विचारलंच नाही. त्याची हरकत तारखेला होती: हेच काम ५ जुलैच्या आधी, लढा चालू असताना का केलं नाहीस?